भंगारातला पॉवर ट्रान्सफॉर्मर: सिरीज बल्ब मंदावतच नाही. व्हॉल्व्ह ॲम्पसाठी वाचवता येईल का?

कळवेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमधल्या एका भंगाराच्या दुकानात जुन्या पीए ॲम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मिळाला. गणपतीच्या मांडवात, शाळेच्या मैदानावर भोंगे चालवायला असायचे ना, त्यातला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प. चेसिसचा पत्रा आधीच विकला गेला होता. व्हॉल्व्ह नाहीत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, एवढा एकच ठोकळा उरलेला. वजन पावणेचार किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंना पत्र्याची टोपणं, लेबल कुठेच नाही. एकूण १३ वायरी बाहेर आल्या आहेत आणि रंग इतके उडालेत की लाल कोणती न् तपकिरी कोणती ते कळत नाही.

घरी गाणी ऐकण्यासाठी यावर पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने चालवणारा) ॲम्प बांधायचा आहे. मेन्सला लावण्याआधी मीटरने गट पाडून घेतले:

चार वायरींचा गट: एका टोकापासून ९.१, १०.१ आणि ११.२ ओहम. हा प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडायचं वाइंडिंग असावा, ०-२००-२२०-२४०.
तीन वायरींचा गट: मधल्या वायरीपासून ४८ आणि ५३ ओहम. ही एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना चढं व्होल्टेज देणारं वाइंडिंग असणार.
तीन जाड वायरी: मीटर ०.३ दाखवतो, तेवढे तर मीटरच्या प्रोबचेच असतात.
दोन जाड वायरी: तसंच.
एक वायर: कशालाच लागत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाशी कुठलीही वायर मीटरवर जोडलेली दिसत नाही.

मग एका चांगल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रायमरीच्या ०-२४० ला १२.४ व्होल्ट एसी दिले. एचटीच्या दोन टोकांमध्ये ३८ व्होल्ट, मधून दोन्हीकडे १९-१९. तीन जाड वायरींच्या टोकांमध्ये ०.३४, दोन जाड वायरींमध्ये ०.२७. हिशोब केला तर २४० व्होल्टला एचटी साधारण ३६७-०-३६७, व्हॉल्व्हच्या फिलामेंटचं ६.६ आणि रेक्टिफायरचं (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हचं) ५.२ येतं. बिनभाराचे आकडे असल्याने मूळचा ३५०-०-३५०, ६.३ आणि ५ व्होल्टचा असावा. इथवर सगळं छान.

पण ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये टाकून मेन्सला लावला तर बल्ब क्षणभर चमकून विझण्याऐवजी अर्ध्याहून जास्त उजेड देतो आणि तसाच राहतो. सेकंडरी सगळ्या उघड्या, एकमेकींपासून लांब टेपने गुंडाळलेल्या. आतून बारीक चर्र असा आवाज येतो. लगेच बंद केला. वाइंडिंग शॉर्ट आहे का? की अजून आशा आहे?

भारित

सिरीज बल्ब पेटला म्हणजे वेढे शॉर्ट आहेत, विषय संपला. अशा ट्रान्सफॉर्मरवर वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आतला कागद पन्नासेक वर्षांचा, त्यावर ७०० व्होल्ट, आणि घर म्हटलं की मुलंबाळं आली. लॅमिंग्टन रोडला किंवा रबाळ्याला कुणाकडूनही याच आकड्यांचा नवा गुंडाळून घ्या. स्टॅम्पिंग (कोअरचे लोखंडी पत्रे) चांगलं असेल तर तेच वापरायला सांगा, पैसे वाचतील.

अनुनाद

कळवेकर, इतकी मापं घेऊन प्रश्न विचारलात, उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम झालं.

भारित दादांशी थोडी असहमत आहे. वेढे शॉर्ट असते तर १२ व्होल्टलाही ते शॉर्टच असते. शॉर्ट वेढा व्होल्टेज वाढण्याची वाट बघत नाही. १२.४ व्होल्ट देताना प्रायमरीत करंट किती होता ते मोजा. काही मिलिॲम्पियर असेल तर कायमचा शॉर्ट नाही, आणि दोष व्होल्टेज चढल्यावरच जागा होतोय.

दुसरं, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर सिरीज बल्ब तसाच ठेवून शून्यापासून हळूहळू चढवा. करंट कसा वाढतो ते लिहून ठेवा. सरळ रेषेत वाढत जाऊन एका ठिकाणी एकदम उसळी मारतो की पहिल्यापासूनच जास्त असतो, यावर सगळं ठरेल.

ती एकटी वायर स्क्रीनची आहे. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा असतो, त्याची दोन टोकं मुद्दाम एकमेकांना लावलेली नसतात. पुढे ती चेसिसला, म्हणजे अर्थला जोडायची. कापू नका.

नवशिक्या ठाणे

सिरीज बल्बऐवजी एलईडी चालेल का? घरात एकही पिवळा बल्ब उरलेला नाही.

अनुनाद

नाही. एलईडीच्या आत स्वतःचं सर्किट असतं, ते थोड्या करंटवरही पूर्ण पेटतं किंवा लुकलुकतं, त्यावरून काहीच कळत नाही. इथे फिलामेंटच हवा: थंड असताना त्याचा रोध कमी, तापला की कितीतरी पटींनी वाढतो, म्हणूनच तो करंटला आपोआप लगाम घालतो. जांभळी नाक्याच्या बाजारात विचारा, अजून मिळतो.

कळवेकर

अनुनाद ताई, दोन्ही केलं. १२.४ व्होल्टला करंट ४ मिलिॲम्पियर.

डिमरस्टॅट एका मित्राच्या वर्कशॉपमधून आणला. १३० व्होल्टपर्यंत बल्ब काळाच. १४० च्या जवळ आलो की चर्र सुरू होतं आणि बल्ब लालसर होतो. त्यावर डिमरस्टॅट चढवला तर बल्बच उजळत जातो, प्रायमरीवरचं व्होल्टेज फारसं वाढत नाही. खाली आणलं की पुन्हा शांत.

ऐरोली ते ठाणे

हे तर सरळ सॅच्युरेशन वाटतंय. कोअर एका मर्यादेपर्यंत करंट ओढत नाही आणि मग एकदम ओढायला लागतो. बाहेरच्या देशातून आलेल्या सामानात ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचे ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांना आपले ५० हर्ट्झ दिले की लोखंड आणखी लवकर भरतं. १४० व्होल्टला उसळी म्हणजे प्रायमरी ११० ते १२० ची असणार. तुम्ही ज्याला २४० म्हणताय तो तुमचा अंदाज आहे, लेबल नाही.

अनुनाद

शंका रास्त आहे. ओहमवरून व्होल्टेज सिद्ध होत नाही. गुणोत्तरावरून निम्म्या व्होल्टेजची प्रायमरी धरली तर ६.३ च्या जागी ३.१५ येतात, आणि तसं वाइंडिंग सहसा कुणी बनवत नाही, पण हाही अंदाजच. मग अंदाज कशाला, मोजूनच टाकू.

बॉबिन (तार गुंडाळलेली रीळ) आणि स्टॅम्पिंग यांच्या फटीतून पातळ हुकअप वायरीचे १० वेढे ओवा. प्रायमरीला पुन्हा १२.४ व्होल्ट द्या आणि या १० वेढ्यांवर किती येतात ते मोजा. त्यावरून एका वेढ्याला किती व्होल्ट ते कळेल. सोबत मधल्या दांड्याची रुंदी आणि स्टॅम्पिंगच्या थप्पीची जाडी पट्टीने मोजून लिहा.

कळवेकर

१० वेढ्यांवर ०.१५५ व्होल्ट. मधला दांडा ३८ मिलिमीटर, थप्पी ४५ मिलिमीटर.

अनुनाद

उत्तम. आता बघा.

एका वेढ्याला ०.०१५५ व्होल्ट, म्हणजे प्रायमरीचे वेढे १२.४ भागिले ०.०१५५, ८०० च्या आसपास. दांड्याचं क्षेत्रफळ ३.८ गुणिले ४.५, म्हणजे १७.१ चौरस सेंटिमीटर. पत्र्यांच्या मधल्या वार्निशचे दहा टक्के वजा केले की १५.४ उरतात.

५० हर्ट्झला, १ टेस्ला धरून, दर व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे ४५ भागिले क्षेत्रफळ. आपल्या कोअरला २.९ वेढे पुरतात. तुमच्याकडे ८०० भागिले २४०, म्हणजे ३.३ आहेत. थोडक्यात, पूर्ण २४० व्होल्टलाही लोखंडात ०.८८ टेस्लाच होतात, आणि १४० व्होल्टला तर अर्धा टेस्ला. जुन्या सिलिकॉन स्टीललाही सव्वा-दीड टेस्लापर्यंत धाप लागत नाही. गुंडाळणाऱ्याने भरपूर तांबं घातलं आहे, आणि २४० चा टॅप २४० चाच आहे.

तेव्हा सॅच्युरेशन बाद. चर्र आवाजही तेच सांगतो. सॅच्युरेशनला लोखंड घुमतं, चरचरत नाही. कुठेतरी इन्सुलेशन फुटतंय. प्रायमरीवर १४० असताना एचटीच्या दोन टोकांमध्ये ४३० व्होल्ट असतात, शिखराला ६००. माझा संशय तिथेच आहे.

ऐरोली ते ठाणे

पटलं. १० वेढ्यांची युक्ती वहीत लिहून ठेवली.

जुना मेकॅनिक

धागा आज पाहिला. माझी उमेदीची वर्षं नौपाड्यात रेडिओ दुरुस्तीत गेली. तेव्हा मर्फीचे रेडिओ ठाण्यातच बनत, आणि गल्लीतल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला त्यांच्या चेसिसची ओळख असायची. अनुनाद बाईंनी हिशोब फार छान मांडला. मी अनुभवाचं सांगतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वाइंडिंग जळण्याआधी वायरी मरतात. आतली एनॅमलची तार कागदाच्या थरांत, वार्निशमध्ये सुरक्षित असते. दर थराला कागद घालून गुंडाळलेला माल आहे तो, आजच्या घाईच्या गुंडाळीपेक्षा पुष्कळदा सरस. पण बाहेर आणलेल्या वायरींवर रबर असायचं. शेजारी रेक्टिफायर तापलेला, त्यात आपल्याकडचा पावसाळा. रबर आधी कडक होतं, मग टोपणाच्या आत, जिथे दिसत नाही तिथे, त्याचा भुगा होतो. वायर टोपणाच्या पत्र्याला टेकते. मीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला ते कळत नाही, मेगरला (चढ्या व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरला) कळतं.

५०० व्होल्टचा मेगर मिळवा. प्रत्येक गट लोखंडाशी आणि गट एकमेकांशी तपासा. मग टोपणांचे चार बोल्ट काढा. स्टॅम्पिंग सोडवायची गरज नाही, फक्त टोपणं. बोल्ट काढताना फायबरचे वॉशर जपून ठेवा आणि परत तसेच घाला. ते विसरले की बोल्ट आणि पत्रे मिळून शॉर्ट वेढा तयार होतो आणि नसलेला दोष पैदा होतो.

भारित

मेकॅनिक काका, वायरी बदलल्या तरी आतला कागद तेवढाच जुना राहतो ना?

जुना मेकॅनिक

राहतो. म्हणून तर मेगर दोनदा मारायचा, वायरी बदलण्याआधी आणि नंतर. नंतरचा आकडा चढला नाही तर मी तुमच्याच बाजूने उभा राहीन आणि त्यांना नवा गुंडाळून घ्यायला सांगेन. आकडा बघण्याआधी निकाल देऊ नये एवढंच म्हणणं.

अनुनाद

पुढे जाण्याआधी सुरक्षेबद्दल लिहिते. कुणी ओलांडून पुढे जाऊ नये ही विनंती.

सिरीज बल्ब करंट रोखतो, शॉक रोखत नाही. घरातला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) फक्त मेन्समधून जमिनीत जाणारी गळती ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन टोकांना हात लागला तर त्याच्या दृष्टीने तो साधा लोड आहे, तो पडणार नाही. आणि एचटीला शिखराला हजार व्होल्ट आहेत, मध्ये सोडवणारं कुणी नाही.

म्हणून: प्लग काढल्याशिवाय वायर हलवायची नाही. मापं घ्यायची तर आधी क्लिप लावून मग चालू करायचं. डावा हात खिशात. पायात चप्पल, खाली कोरडं लाकूड किंवा रबरी मॅट. मीटर आणि त्याचे प्रोब १००० व्होल्टचे आहेत का ते बघायचं, स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचे प्रोब असतातच असं नाही. घरात दुसरं माणूस असावं आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला दाखवलेलं असावं. कपॅसिटर जोडल्यावर तर प्लग काढल्यावरही व्होल्टेज राहतं: १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून उतरवायचं, मग मीटरने शून्य बघायचं आणि त्यानंतर हात लावायचा.

हा छंद सुंदर आहे, पण यात घाई केलेली मला अजिबात सहन होत नाही.

कळवेकर

ताई, सगळं वाचलं आणि टेबलासमोर चिकटवलं.

सोसायटीच्या लिफ्टची देखभाल करणाऱ्यांकडे मेगर होता, त्यांच्यासमोरच तपासलं. प्रायमरी ते लोखंड ८० मेगओहम. फिलामेंट ते लोखंड ६०. रेक्टिफायरचं ५ व्होल्ट ते लोखंड ५५. एचटी ते लोखंड ०.३!

काका, टोपण काढलं आणि तुम्ही म्हणालात तेच निघालं. एचटीच्या दोन्ही टोकांच्या वायरींचं रबर बिस्किटासारखं चुरलेलं, दोन्ही टोपणाच्या एकाच कडेला टेकलेल्या आणि पत्र्यावर काळा कोळशाचा माग. पत्र्यातूनच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठिणगी जात होती. आतली गुंडाळी मात्र सोनेरी दिसतेय, कागद कुठेही काळा नाही.

जुना मेकॅनिक

वाचला म्हणायचं. आता सावकाश चला.

चुरलेली वायर ओढू नका. आतली तार केसाएवढी असते आणि बॉबिनच्या काठाशी तुटली तर खरंच स्टॅम्पिंग खोलावं लागेल. जिथे तार आणि वायर यांचा जुना डाग (सोल्डरचा सांधा) आहे तिथपर्यंत रबर सुईने मोकळं करा. जुना डाग उतरवा, तार हलक्या हाताने साफ करा, नव्या वायरीला डाग द्या. डाग देताना ॲसिड फ्लक्स अजिबात नको, रोझीनच. ॲसिड मागे राहिलं की बारीक तार हिरवी पडून आतून खाल्ली जाते.

नवी वायर सिलिकॉन किंवा टेफ्लॉनची, किमान ६०० व्होल्टची. सांध्यावर फायबरग्लासची स्लीव्ह आणि प्रत्येक वायरीला वेगळी स्लीव्ह टोपणाच्या भोकापर्यंत. भोकात रबरी ग्रोमेट नवा. वायर बॉबिनला सुती दोऱ्याने बांधा, म्हणजे ताण डागावर येणार नाही. कोळशाचा माग पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसा, कारण कोळसा स्वतःच करंट वाहून नेतो. टोपणाच्या आतून लेदरॉइड, म्हणजे इन्सुलेशनचा जाड कागद लावा.

दोन वायरी बिघडल्या म्हणजे तेराही बदलायच्या. सगळ्यांचं वय एकच आहे.

वाइंडर रबाळे

काकांच्या सगळ्याला दुजोरा. माझं रिवाइंडिंगचं काम आहे, हे असे ट्रान्सफॉर्मर लोक टाकून देतात तेव्हा वाईट वाटतं. टोपण उघडंच आहे तर फिलामेंटच्या आणि एचटीच्या तारेचा व्यास मोजून घ्या, म्हणजे किती करंट देता येईल ते कळेल. एनॅमल खरवडू नका, वरूनच मोजा.

आणि सुकवल्याशिवाय बंद करू नका. ६०-८० मेगओहम चालतील असे आहेत, पण कोरड्या ट्रान्सफॉर्मरचे नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या मालाची हीच कथा असते. आम्ही ओव्हनमध्ये ९० अंशांवर ठेवतो. घरी लाकडी खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवा, वर वाफ जायला फट ठेवा. मग मेगर मारा, आकडा वाढायचा थांबेपर्यंत सुकवा, त्यानंतर बाहेरून वार्निशचा हात. आधी वार्निश मारलंत तर ओल आत कोंडली जाईल.

ऐरोली ते ठाणे

खोक्याऐवजी प्रायमरीतून १२ व्होल्टच्या बॅटरीचा डीसी सोडला तर? ११ ओहमला १.१ अँपियर, म्हणजे १३ वॅट, तेही बरोबर वाइंडिंगच्या गाभ्यात. बाहेरून शेकण्यापेक्षा आतून सुकेल.

वाइंडर रबाळे

चालतं, आम्हीही करतो. पण बॅटरी सोडवताना सांभाळा. डीसी तुटला की कोअरमधली ऊर्जा एका झटक्यात बाहेर पडते आणि एचटीच्या टोकांवर मोठा व्होल्टेज येतो. सोडवण्याआधी करंट हळूहळू शून्यावर आणता येईल असा बेंच सप्लाय असेल तरच करा. माहिती नसणाऱ्याला मी खोकंच सांगेन.

कळवेकर

खोकंच केलं. तेराही वायरी नव्या, प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी. सुकवल्यानंतर मेगर: एचटी ते लोखंड २०० मेगओहमच्या वर, बाकी गटही २०० च्या वर, मेगरची पट्टीच तिथे संपते. गटागटांमध्येही तेच.

तारेचे व्यास: एचटी ०.३१ मिलिमीटर, ६.३ चं १.६, ५ चं १.२.

सिरीज बल्बला लावला: चालू करताना क्षणभर चमकला आणि विझला. सोसायटीत संध्याकाळी बरोबर २४० व्होल्ट असतात. बल्ब काढून फ्यूजमधून सरळ जोडल्यावर बिनभार करंट ४५ मिलिॲम्पियर, एचटी ३६८-०-३६८. आवाज अगदी कान लावला तर.

आता सांगा, यावर काय बांधू? मनात ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हची जोडी होती. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल ८४ माझ्याकडे आहेत.

भारित

मेगरचा आकडा बघून मी माझं म्हणणं मागे घेतो. अभिनंदन!

अनुनाद

अभिनंदन. आधी क्षमता बघू. जुन्या पद्धतीने चौरस मिलिमीटरला अडीच अँपियर धरते. एचटीची तार १९० मिलिॲम्पियरची, ६.३ ची ५ अँपियरची, ५ ची २.८ अँपियरची. कोअर दीडशे व्हीए (व्होल्ट-अँपियर) आरामात देईल.

आता ईएल ८४. त्याची ॲनोडची कमाल मर्यादा ३०० व्होल्ट. तुमच्या ट्रान्सफॉर्मरला साधा कपॅसिटर फिल्टर लावला तर भाराखालीही ४०० च्या वर डीसी मिळणार. तो उतरवायला मोठे रेझिस्टर लावून शंभर व्होल्टची उष्णता करणं मला पटत नाही. हा ट्रान्सफॉर्मर ज्या कामासाठी बनला ते ईएल ३४ च्या जोडीचं काम आहे. दोन ईएल ३४ चे ३ अँपियर, एक ईसीसी ८३ चे ०.३, एक ईएफ ८६ चे ०.२, बेरीज साडेतीन. ६.३ चं वाइंडिंग हसत देईल. रेक्टिफायर व्हॉल्व्ह जीझेड ३४ ला ५ व्होल्टवर १.९ अँपियर लागतात, तेही आहेत. मलार्ड कंपनीच्या जुन्या ५-२० ॲम्प सर्किटमध्ये नेमके हेच व्हॉल्व्ह आहेत. तुमचं एचटी त्यापेक्षा कमी आहे, तर थोडी कमी पॉवर मिळेल. हॉलमध्ये ऐकायला भरपूर होते. ईएल ३४ आणि जीझेड ३४ स्लोव्हाकियातली जेजे कंपनी आजही बनवते.

ईएल ८४ जपून ठेवा, त्यांच्यासाठी २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर कधीतरी भेटेल.

नवशिक्या ठाणे

जीझेड ३४ महाग आहे. त्याऐवजी १एन४००७ डायोड लावले तर?

जुना मेकॅनिक

लावता येतात, पण हिशोब बदलतो. दर बाजूला एक डायोड पुरत नाही. उलट्या दिशेने त्यावर एचटीचं पूर्ण शिखर येतं, १०४० व्होल्ट, आणि १एन४००७ ची मर्यादा १००० ची. दर बाजूला किमान दोन सिरीजमध्ये हवेत. शिवाय डायोड स्विच चालू करताच पूर्ण डीसी देतात, व्हॉल्व्ह अजून थंड असतात, करंट कुणीच घेत नाही, आणि ३६८ गुणिले १.४१ म्हणजे ५२० व्होल्ट कपॅसिटरवर चढून बसतात. तिथे ४५० व्होल्टचा कपॅसिटर लावला तर तो फुटण्याची भीती. जीझेड ३४ सावकाश तापतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तयार होतात.

जीझेड ३४ लावलात तरी कपॅसिटर ५२० सहन करणारेच घ्या. एखादा ईएल ३४ ढिला बसला किंवा काढलेला असला की व्होल्टेज चढतंच. ४०० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओहम, २ वॅट. पहिला कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, जीझेड ३४ ला तेवढाच झेपतो.

वाइंडर रबाळे

ॲम्प बांधण्याआधी ट्रान्सफॉर्मरला खोटा भार देऊन दोन तास चालवा. एचटीच्या डीसीवर ४० वॅटचे दोन फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये, दोघांत मिळून चारशेच्या वर व्होल्ट, करंट साधारण १६०-१७० मिलिॲम्पियर. ६.३ वर गाडीचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन, निम्म्या व्होल्टेजवर तो तीन अँपियरच्या वर घेतो. होल्डर उघडे ठेवू नका, तिथे चारशे व्होल्ट डीसी आहे.

तापमान हात लावून ठरवू नका. चालू करण्याआधी थंड प्रायमरीचा रोध मोजा, दोन तासांनी प्लग काढून, एचटी उतरल्याची खात्री करून लगेच पुन्हा मोजा. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. नवा भागिले जुना, त्यातून एक वजा करा; मग २३४.५ अधिक खोलीचं तापमान या बेरजेने गुणा. जेवढं येईल तेवढे अंश वाइंडिंग चढलं.

कळवेकर

तसंच केलं. जीझेड ३४ घेतला, बल्ब आणि हॅलोजन पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवले, पत्रा अर्थ केला.

भाराखाली: एचटी ३५२-०-३५२, पहिल्या कपॅसिटरवर ४१० व्होल्ट, फिलामेंट ६.३५.

थंड प्रायमरी ११.२ ओहम, खोली २९ अंश. दोन तासांनी १२.८. म्हणजे ३८ अंश चढला, वाइंडिंग ६७ च्या आसपास. हे ठीक आहे का?

वाइंडर रबाळे

एकदम ठीक. वार्निशमध्ये भिजवलेल्या कागद आणि सुताच्या जुन्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश धरतात. बंद कपाटात ठेवला नाहीत तर मे महिन्यातही चिंता नाही. चेसिसवर बसवताना जीझेड ३४ आणि ईएल ३४ पासून चार बोटं लांब ठेवा.

अनुनाद

फ्यूज विसरू नका. प्रायमरीत १ अँपियर स्लो-ब्लो, एचटीच्या सेंटर टॅपमध्ये (मधल्या वायरीत) ३१५ मिलिॲम्पियर. तीन पिनांची वायर, हिरवी थेट चेसिसच्या बोल्टला, त्या बोल्टवर दुसरं काही नको. स्क्रीनची वायर शेजारच्या बोल्टला. ६.३ चा सेंटर टॅप चेसिसला दिला की फिलामेंटची घरघर कमी होते.

४१० ला ईएल ३४ चा करंट दर व्हॉल्व्हला ५५ मिलिॲम्पियरच्या आत ठेवा, म्हणजे ॲनोडवर २२ वॅटच्या जवळपास होतात आणि २५ ची मर्यादा दूर राहते. भाराच्या चाचणीत तुम्ही याहून जास्त करंट काढलेला आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची बाजू पक्की.

कळवेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चेसिससाठी ॲल्युमिनियमचा पत्रा कापायला दिला आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं काय करावं? त्याच भंगारवाल्याकडे दुसऱ्या पीए ॲम्पचा एक पडलेला दिसला.

जुना मेकॅनिक

पीएचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टच्या लाइनसाठी असतो, लांबवरच्या भोंग्यांना पोचवायला. भाषणाला उत्तम, पण खालचे सूर देत नाही. प्रायमरी आणि सेकंडरी थराथराने एकमेकींत गुंफून गुंडाळलेला नवाच घ्या. रबाळेवाले इथे आहेतच, त्यांच्याशी बोला, आणि त्याचा वेगळा धागा काढा. मी वाचतो आहे.